देवळाच्या भिंतीवरचे माझे दोन डाग

मुरबाडच्या पुढे एका गावात जुनं दगडी देऊळ आहे, त्याच्या दक्षिणेकडच्या भिंतीवर जमिनीपासून चारेक फुटांवर दोन काळे गोल डाग आहेत. पाणीपुरीच्या पुरीएवढे, शेजारी शेजारी, मधे वीतभर अंतर. ते मी पाडलेत. सतरा वर्षं झाली. गावाचं नाव नाही सांगत, कारण तिथल्या लोकांना अजून माहीत नाहीये ते डाग कशाचे आहेत, आणि आता सांगायची सोयही राहिलेली नाही, का ते पुढे येईलच.

तेव्हा मी नुकताच डिप्लोमा करून ठाण्यात एका स्ट्रक्चरल ऑडिटवाल्या सरांकडे लागलो होतो. ऑडिट म्हणजे इमारत अजून किती धड आहे याची तपासणी, ठाणेकरांना ते सांगायला नको, दर मे महिन्यात धोकादायक इमारतींची यादी येते आणि सोसायटीच्या ग्रुपवर सी-वन की सी-टू-ए की सी-टू-बी यावरून रात्री दीडपर्यंत मारामाऱ्या चालतात. सी-वन म्हणजे घर रिकामं करा, सी-थ्री म्हणजे पोपडे काढून किरकोळ दुरुस्ती करा, आणि मधल्या दोन सी-टूंमध्ये अर्धं ठाणं राहतं. आमची बॅग ठरलेली. काँक्रीटमधून लहर सोडून तिचा वेग मोजणारं अल्ट्रासॉनिकचं मशीन, ठोसा मारून पृष्ठभाग किती कडक ते सांगणारा रिबाउंड हॅमर, पॉलिश पेपर, खडू, मेजर टेप आणि ग्रीसचा डबा. कॉलमचं प्लास्टर फोडायचं, घासायचं, ग्रीस फासायचं, मशीनच्या दोन डब्या समोरासमोर दाबून धरायच्या, आकडा लिहायचा, पुढचा कॉलम. ग्रीस अशासाठी की डबी आणि काँक्रीटच्या मधे केसभर जरी हवा राहिली तरी लहर तिथूनच माघारी फिरते, आत शिरतच नाही.

देवळाचं काम सरांच्या ओळखीतून आलं. सभामंडपाच्या भिंतीने पोट काढलंय असं विश्वस्तांना वाटत होतं. सर म्हणाले तू आणि पोऱ्या जाऊन रीडिंग घेऊन या, मी नंतर बघतो. आम्ही गेलो आणि सोसायटीचा कॉलम असल्यासारखे सुरू झालो. दगड आपला नेहमीचा बेसॉल्ट, पण बेसॉल्टमध्येही घट्ट काळा वेगळा आणि बारीक भोकांचा वेगळा, हा भोकांचा होता. भिंत जाड, आरपार मोजणं जमेना, म्हणून एकाच बाजूला दोन डब्या शेजारी लावल्या. ग्रीस लावलं, आकडा घेतला, फडक्याने पुसलं. काँक्रीटवर डाग राहिला तरी नंतर वरून प्लास्टर होतंच त्यामुळे डाग हा विषयच कधी डोक्यात आला नव्हता. इथे वरून काही होणार नव्हतं. दगडाने तेल पिऊन टाकलं. मी घाबरून थिनर चोळलं, तर डाग अजून पसरला आणि खोलवर गेला. गुरवकाका तांब्या घेऊन शेजारी उभे होते. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं, ते नुसते बघत राहिले, मग म्हणाले, "जेवून जावा."

बाकीची रीडिंग आम्ही कणकेवर घेतली, खरंच सांगतो. काकूंकडून कणकेचा गोळा मागितला, घट्टसर मळून, पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून डबीखाली दाबला, थोडी बोंब झाली पण आकडे यायला लागले. पुढे कळलं की जुन्या दगडांवर काम करणारे जगभर असंच काहीतरी करतात, खेळायची क्ले वापरतात, रबराची चकती वापरतात, डाग न पडणारी जेल वापरतात. आमचा शोध काकूंच्या परातीतून लागला एवढंच.

संध्याकाळी ऑफिसला आलो आणि तक्ता सरांपुढे ठेवला. एका दगडावर लहरीचा वेग ५.१ किलोमीटर प्रति सेकंद, त्याच्या शेजारच्यावर ४.८, आणि या दगडावरून त्या दगडावर गेलो की मशीनवर नुसता गोंधळ, आकडाच नाही. काँक्रीटचं तेव्हाचं कोष्टक मला पाठ, साडेचारच्या वर उत्तम, साडेतीन ते साडेचार चांगलं, तीन ते साडेतीन मध्यम, तीनच्या खाली शंकास्पद. त्या हिशोबाने मी लिहून टाकलं होतं की दगड उत्तम आणि भिंत शंकास्पद. सरांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "अरे, तू भिंत मोजलीस का दगड?"

तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता, आता रोज कळतो. काँक्रीट हे ओतलेलं असतं, एकसंध, म्हणून त्याचं कोष्टक होतं. जुनी दगडी भिंत ही बहुतेक वेळा एक भिंत नसतेच, त्या तीन असतात. बाहेर घडीव चिऱ्यांची एक, आतल्या बाजूला दुसरी, आणि दोघींच्या मधे चुन्यात कालवलेले दगडगोटे, कपऱ्या, माती, जे हाताला लागेल ते. बाहेरचा चिरा हजार वर्षं टिकेल पण मधल्या भरावातला चुना पाण्याने हळूहळू धुऊन गेला की पोट पोकळ होतं, भराव खाली बसतो आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींना बाहेर ढकलतो. भिंतीने पोट काढलं म्हणतात ते हेच. आणि माझी डबी त्या वेळी फक्त चिऱ्याच्या कातडीची चौकशी करत होती. ५४ किलोहर्ट्झची लहर पहिल्याच सांध्यात विरून जाते, पोटापर्यंत पोचणारच नव्हती, तिने पाच पॉइंट एक सांगितलं ते खरंच होतं, प्रश्नच चुकीचा होता.

हे घरी सांगितलं तेव्हा बाबा हसले. बाबा रेल्वेत, कॅरेज अँड वॅगनला, उभं आयुष्य नोकरी तिथेच. गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकांवर टणाटण मारत जायचं हे त्यांचं सुरुवातीच्या वर्षांतलं काम. चांगलं चाक ठण्ण वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. मी विचारलं, बाबा, किती वाजलं म्हणजे बाद? ते म्हणाले, "किती कसलं रे? शेजारच्या चाकासारखं वाजलं नाही की खडूने खूण करायची आणि पुढे जायचं, बाकीचं वर्कशॉपवाले बघतील." मला वाटतं आमच्या धंद्यातली अर्धी अक्कल या एका वाक्यात आहे आणि ती मला फी भरून कुणी शिकवली नव्हती.

कारण जुन्या भिंतींसाठी जी पद्धत खरंच चालते ती बाबांचीच आहे, फक्त हातोडीत सेन्सर बसवलेला. सोनिक टेस्ट म्हणतात. अल्ट्रासॉनिकपेक्षा खूप खालची, कानाला ऐकू येईल अशी लहर, भिंतीच्या एका बाजूला हातोडी मारायची, दुसऱ्या बाजूला सेन्सर, मधे किती वेळ लागला ते मोजायचं. जाड लहर सांध्यांना घाबरत नाही, पोटातून जाते. ढोबळ मानाने भरीव चांगल्या भिंतीत दोन किलोमीटर प्रति सेकंदाच्या वर आकडे येतात, हजार मीटरच्या आसपास किंवा खाली गेले की आत काहीतरी सुटलंय, लहर पोकळीला वळसा घालून येतेय म्हणून उशीर. पण खरा माल आकड्यात नाही. भिंतीवर हातभर अंतराने चौकटी आखायच्या, प्रत्येक ठिकाणी मोजायचं आणि नकाशा रंगवायचा, की हिचाच हा भाग हिच्याच त्या भागापेक्षा मंद का आहे. शेजारच्या चाकासारखं वाजत नाहीये, कर खूण. पुढे पोकळी भरायला चुन्याचं पातळ कालवण, म्हणजे ग्राउट, आत सोडलं की महिन्या-दोन महिन्यांनी त्याच बिंदूंवर पुन्हा मोजायचं, आकडा चढला तर ग्राउट पोटात पोचलं, नाही चढला तर ठेकेदाराने बाहेरूनच गोड बोलून बिल लावलं.

पोट न बघितल्याने काय होतं त्याचं सगळ्यात वाईट उदाहरण इटलीतलं आहे. पाव्हिया गावातला मध्ययुगीन मनोरा १७ मार्च १९८९ ला सकाळी उभ्याउभ्या खाली आला, चार माणसं गेली. भूकंप नाही, वादळ नाही, कुणी धक्का दिला नाही. ढिगारा तपासला तेव्हा दिसलं की भिंती म्हणजे बाहेरून विटांचं पातळ कवच आणि आत चुन्यातला दगडगोट्यांचा भराव, आणि शेकडो वर्षं स्वतःचंच वजन पेलून पेलून ते थकत गेलं होतं. जड ओझं सतत राहिलं की दगड-चुनासुद्धा फार हळू सरकतो, बारीक उभ्या चिरा पडत जातात आणि एक दिवस पुरे होतं. त्यानंतर युरोपात जुन्या मनोऱ्यांच्या तपासणीने एकदम जोर धरला. (आपल्याकडेही काही पडल्यावरच जोर धरतो, त्यामुळे नाक मुरडायला जागा नाही.)

भेगांचं सांगतो कारण भेगांबद्दल मला दर आठवड्याला फोटो येतात. "दादा ही भेग डेंजर आहे का?" फोटोवरून कुणीही सांगू शकत नाही, कारण भेग किती रुंद आहे हा प्रश्न दुय्यम, ती हलतेय का हा प्रश्न पहिला. त्याला सगळ्यात स्वस्त उपाय काचेची पट्टी. भेगेवर आडवी चिकटवायची, तारीख लिहायची, फुटली तर भेग चालतेय. व्हेनिसच्या सान मार्कोच्या घंटाघराला १९०२ साली अशाच काचा लावल्या होत्या, त्या फुटल्या, आणि १४ जुलैला सगळा मनोरा कोसळला. पण आधी चौक रिकामा केलेला असल्याने माणूस एकही गेला नाही, रखवालदाराची मांजर तेवढी गेली असं सांगतात. काच फुटली यावर विश्वास ठेवून लोकांना हटवणं, हे मला त्या काळच्या मानाने फार मोठं वाटतं. आमच्याकडे एका सोसायटीत काच फुटली तर सेक्रेटरींनी पोरांनी बॉल मारला म्हणून नवीन काच लावून घेतली आणि तारीख जुनीच टाकली.

मात्र काचेला एवढंच कळतं की हललं, किती आणि कुठल्या बाजूला ते नाही. म्हणून मिलिमीटरच्या चौकटी छापलेले प्लास्टिकचे गेज येतात, इलेक्ट्रॉनिक येतात. आणि इथे घाई करणारा फसतो, कारण भेगा उन्हाळ्यात आणि थंडीत वेगळ्या वागतात, दुपारी आणि पहाटेसुद्धा. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा तो प्रसिद्ध घुमट, त्याच्या भेगा ऋतूप्रमाणे श्वास घेतल्यासारख्या उघडतात-मिटतात, १९८० च्या दशकाच्या शेवटापासून तिथे दीडशेच्या वर उपकरणं लावून बसलेत. श्वास वजा केल्यावर उरते ती खरी वाढ, आणि श्वास कळायला किमान एक अख्खं वर्ष लागतं. मी हे विश्वस्त मंडळींना सांगतो तेव्हा चेहरे पडतात. त्यांना पंधरा दिवसांत रिपोर्ट हवा असतो आणि रिपोर्टमध्ये पास की नापास. एक जण मला म्हणाले, अहो वर्षभर काय बघायचंय, दगड तर आहे.

थर्मल कॅमेरा मला स्वतःला सगळ्यात आवडतो, हात न लावता काम होतं. ठाण्यातल्या एका जुन्या वाड्याची पश्चिमेची भिंत आम्ही मार्चमध्ये बघितली, दिवसभर ऊन खाल्लेली, सूर्य गेल्यावर साडेसातला कॅमेरा लावला. नुसत्या डोळ्यांना एकसारखा पिवळा गिलावा. स्क्रीनवर मात्र एक बुजवलेली कमान दिसायला लागली, पूर्ण, अर्धगोल, एकेक चिरा मोजावा अशी, कारण भरलेल्या विटा आणि आजूबाजूचा दगड वेगवेगळ्या वेगाने थंड होत होते. वाड्याच्या आजींना बोलावून दाखवलं. त्या म्हणाल्या, "इथून पलीकडे जायला वाट होती असं सासूबाई म्हणायच्या, मला वाटायचं त्यांना भ्रम झालाय." तळाशी दोन फूट निळा पट्टा, ती ओल. लोणा, म्हणजे क्षारांनी भिंत पोखरणं, तिथेच लागला होता. हा लोणा लागण्याचं मूळ असं की त्यांच्या आधीच्या दुरुस्तीत कुणीतरी चुन्याच्या भिंतीला खालून सिमेंटचा गिलावा मारून दिला होता, ओल बाहेर पडायची वाटच बंद, मग ती वर चढली आणि सोबत क्षार घेऊन गेली. हे कुणी केलं ते आजींना पाठ होतं, मी लिहीत नाही. पण सिमेंट म्हणजे मजबूत ही जी समजूत आहे ना, तिने आपल्या देवळा-वाड्यांचं जेवढं वाटोळं केलंय तेवढं पावसानेही केलं नसेल.

जमिनीत किंवा भिंतीत रेडिओ लहरी सोडून आत काय आहे ते बघणाऱ्या रडारचं फॅड सध्या जास्त आहे. पुरीच्या रत्नभांडारात २०२४ ला हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिक संशोधन संस्थेच्या लोकांनी रडार फिरवलं तेव्हापासून तर प्रत्येकाला आपल्या देवळाखाली भुयार आहे का ते बघायचंय. रडार चांगलंच आहे, पण त्याचं एक रडगाणं आहे, खोल बघायचं तर बारीक दिसत नाही आणि बारीक बघायचं तर खोल जात नाही, आणि खारट ओल भेटली की ते पार आंधळं होतं. बेलापूरच्या किल्ल्यावर मी रविवारी कधीकधी जातो, पाम बीच रोड संपतो तिथून वर, मशीन वगैरे काही न घेता. पोर्तुगीज, मराठे, इंग्रज सगळे येऊन गेलेली जागा, समोर खाडी, आणि सांध्यासांध्यातून पिंपळाची मुळं. खाडीकाठच्या असल्या बांधकामात क्षार नक्की मुरलेले असणार, तिथे पावसाळ्यात रडार लावणं म्हणजे पैसे खाडीत टाकणं. लावायचं तर एप्रिल-मेमध्ये, आणि तेही सोबत सोनिक घेऊन. एकट्या मशीनवर विश्वास ठेवायचाच नाही, दोन वेगळ्या पद्धतींनी एकाच जागेवर बोट ठेवलं तर मग बोलायचं.

मजा म्हणजे सगळ्यात खोल बघणारं मशीन स्वतः काही सोडतच नाही. आकाशातून म्यूऑन नावाचे कण पडत असतात, हे वाचताना तुमच्या तळहातातून सेकंदाला एखादा जात असेल. दगडात थोडे अडतात, पोकळीत अडत नाहीत, मग खाली पाटी धरून महिनोन्महिने मोजत बसायचं. खुफूच्या पिरॅमिडमध्ये २०१७ ला असं करून किमान ३० मीटर लांबीची पोकळी सापडली. २०२३ ला उत्तरेकडच्या तोंडामागे नऊ मीटरचा एक बोळ पक्का केला, दगडांच्या सांध्यातून बारीक एंडोस्कोप, म्हणजे नळीच्या टोकावरचा कॅमेरा, आत घालून, एक दगडही न हलवता. ही सांध्यातून डोकावायची युक्ती आपल्यालाही परवडते. कोणार्कच्या सूर्यमंदिराचा सभामंडप, म्हणजे जगमोहन, इंग्रजांनी कोसळू नये म्हणून १९०३ पर्यंत वाळूने गच्च भरून बंद केला, पुढे आत एंडोस्कोप सोडला तेव्हा कळलं की वाळू खाली बसलीय आणि वर मोकळं पडलंय.

रिबाउंड हॅमरबद्दल एकच विनंती. तो काँक्रीटसाठीचा मोठा हॅमर २.२ ज्यूलचा ठोसा मारतो. कोरीव कामाजवळ तो नेऊ नका, झिजलेल्या दगडाची खपली उडते. अगदीच हवा असेल तर त्याचा लहान भाऊ येतो, ठोसा एक तृतीयांश, तोही साध्या चिऱ्यावर. आणि अंबरनाथच्या शिवमंदिरासारखं संरक्षित स्मारक असेल तर परवानगीशिवाय खडूची खूणसुद्धा करायची नाही. तिथे मी पोराला घेऊन जातो ते सकाळी लवकर. शके ९८२ चं म्हणजे १०६० सालचं देऊळ, आणि कोवळं ऊन भिंतीला घासून जात असतं तेव्हा कुठला थर जवभर पुढे आलाय, कुठला दगड फिरलाय, ते सावलीवरून दिसतं. दहा वाजता ऊन वर आलं की सगळं सपाट. तिरका उजेड, ओळंबा आणि बोटाचं पेर, एवढ्यावर निम्मी तपासणी होते, उरलेल्या निम्म्यासाठी आमची लाखाची मशीनं.

आता ते डाग. मागच्या वर्षी त्याच गावात लग्नाला गेलो होतो. मधल्या काळात मी शिकलोय की असा तेलाचा डाग घासायचा नसतो, सॉल्व्हंटमध्ये भिजवलेला मातीचा किंवा कागदाच्या लगद्याचा लेप लावून झाकून ठेवायचा, सुकताना तो तेल ओढून घेतो, चार-पाच वेळा केलं की उतरतं. सामान गाडीत घेऊनच गेलो होतो. लग्न बाजूला ठेवून आधी देवळात गेलो, तर गुरवकाकांच्या जागी त्यांचा मुलगा, आणि दोन्ही डागांवर हळदकुंकू. ताजं. खाली दोन झेंडूची फुलं आणि सुट्टे पैसे. मी विचारलं हे काय आहे हो? तो म्हणाला, "सूर्य-चंद्र हायेत. जुने. वीरगळावर नसतात का, तसे. आमच्या बायका सोमवारी कुंकू लावतात."

"मोठा कुठला?" मी उगीच विचारलं.

"डावा. तो सूर्य." आणि खरंच, थिनर मी डाव्यालाच जास्त चोळलं होतं.

लेपाचं सामान तसंच ठाण्याला परत आणलं, गाडीच्या डिकीत आहे अजून.